चांगुणाबाईंच्या नावाचं रक्त

१८ ऑगस्ट. लॅबमधल्या डीप फ्रीझरचा बर्फ काढायचं काम मी अंगावर घेतलं होतं. हे काम कुणालाच नको असतं. जपून ठेवलेले जुने नमुने बाहेर काढायचे, पुसट झालेली लेबलं वाचायची, मुदत संपलेलं फेकायचं आणि बोटं बधिर झाली की मनातल्या मनात शिव्या द्यायच्या. मी विभागप्रमुख आहे, दुसऱ्या कुणालाही सांगू शकले असते. पण दुसऱ्याने केलं की अर्धा बर्फ आतच राहतो, असा माझा अनुभव आहे.

कोपरापर्यंत हात गारठले होते तेव्हा श्वेताने हाक मारली. श्वेता माझ्या हाताखालची तंत्रज्ञ, कामाला चोख. म्हणाली, "मॅडम, एक व्हॉल्ववाली पेशंट आहे, आयएनआर एक आलाय. रिपोर्ट सोडू?"

"थांब. हात पुसून येते."

पुढचं सांगण्याआधी आमचं काम काय असतं ते सांगायला हवं. आमची लॅब महापेला आहे, औद्योगिक वसाहतीत. एका बाजूला कॉम्प्युटर कंपन्यांच्या काचेच्या इमारती, दुसऱ्या बाजूला रंगाचा कारखाना. इथे पेशंट कधीच येत नाही, फक्त नळ्या येतात. ऐरोलीपासून पनवेलपर्यंतच्या घरांतून रक्त घेतलं जातं आणि मोटरसायकलला बांधलेल्या थंड पेट्यांतून आमच्याकडे पोचतं.

त्यांतल्या निळ्या झाकणाच्या नळ्या माझ्या. रक्त शरीराबाहेर आलं की काही मिनिटांत गोठतं. ते गोठू नये म्हणून या नळीत आधीच थोडं द्रावण असतं. ते रक्तातलं कॅल्शियम धरून ठेवतं. लॅबमध्ये आम्ही रक्तातला पिवळसर द्रव वेगळा करतो, मशीन त्यात कॅल्शियम आणि एक रसायन घालतं आणि गाठ धरायला किती सेकंद लागले ते मोजतं. प्रत्येक लॅबचं रसायन थोडं वेगळं, म्हणून त्या सेकंदांचं सगळीकडे चालेल असं एक माप काढतात. तो आयएनआर. तुमचा-माझा एकच्या आसपास असतो. ज्यांच्या हृदयात कृत्रिम झडप बसवलेली आहे त्यांचं रक्त उशिरा गोठायला हवं, म्हणून त्यांना जन्मभर गोळी असते आणि त्यांचा आकडा साधारण अडीच ते साडेतीनच्या मध्ये राहावा लागतो. खाली गेला तर झडपेवर गाठ धरते, सुटून मेंदूत जाऊ शकते. फार वर गेला तर रक्तस्राव होतो, पोटात, मेंदूत, कुठेही. बाकीच्या तपासण्यांचे कागद लोक फायलीत लावून ठेवतात. या कागदावर त्याच रात्रीची गोळी ठरते.

एवढ्या महत्त्वाच्या आकड्याशी आपल्याकडे काय खेळ चालतो, ते पाहिलं की माझं डोकं फिरतं. खारघरचे एक निवृत्त बँक अधिकारी होते, झडपवालेच. त्यांनी एकदा फोन केला. "मॅडम, तुमच्या रिपोर्टवर लाल अक्षरात 'हाय' लिहिलंय. मी तीन दिवस गोळी बंद ठेवली आहे."

"काका, तुमचा दोन पूर्णांक आठ आलाय. तुम्हाला हाच हवा."

"मग लाल कशाला करता?"

 खरं उत्तर असं होतं की कॉम्प्युटर प्रत्येक रिपोर्टवर निरोगी माणसाची मर्यादा छापतो. ज्याने नेमाने गोळी घेतली त्याच्या कागदावर लाल रंग, आणि ज्याने गोळी सोडली त्याच्या कागदावर सगळं छान. मी तक्रार केली. कळलं की सिस्टिममध्ये बदल करता येत नाही. त्याच रिपोर्टच्या तळाशी सवलतीची जाहिरात मात्र दर सणाला नवी असते. ती बदलायला सिस्टिमची हरकत नसते.

तर, श्वेताच्या हातातला रिपोर्ट. चांगुणाबाई, वय बासष्ट, राहणार दिवाळे, बेलापूरचा कोळीवाडा. वर्षभरापूर्वी झडप बसवलेली. सुरुवातीचे सगळे आकडे व्यवस्थित, अडीच, पावणेतीन, तीन. मग दोन वेळा एक. आज पुन्हा एक. रक्त घेताना पेशंटच्या गोळीचं प्रमाण विचारून ॲपमध्ये भरतात, तेही पाहिलं. डॉक्टरांनी दोनदा गोळी वाढवली होती. जुन्यापेक्षा जवळजवळ दुप्पट. तरी आकडा जागचा हलत नव्हता.

"गोळ्या घेतच नसेल बाई," श्वेता म्हणाली.

शक्य होतं. गोळ्या गादीखाली ठेवणारे पेशंट मी पाहिले आहेत. पण डॉक्टरांनी त्याच वेळी साधी रक्तगणनाही सांगितलेली असते, तीही मी काढली. चांगुणाबाईंच्या तांबड्या पेशी जन्मापासून लहान असाव्यात. वर्षभराच्या रिपोर्टांत त्या सारख्याच लहान दिसत होत्या. गेल्या तीन वेळा मात्र त्या एकदम मोठ्या झाल्या होत्या. बासष्टाव्या वर्षी माणसाची उंची वाढत नाही, तसंच हेही होत नाही.

"श्वेता, हे रक्त या बाईचं नाही."

दुपारी हरीशभाऊ पेटी द्यायला आले. दिवाळे, बेलापूर हा त्यांचा भाग. चाळिशीचा माणूस, तळोज्याच्या एका कारखान्यात होता, तो बंद पडला तेव्हा रक्त घेण्याचा कोर्स करून या कामात आला. हात हलका आहे. मी त्यांना बाजूला घेतलं.

"हरीशभाऊ, दिवाळ्याला चांगुणाबाईंचं रक्त तुम्हीच घेतलं?"

"हो मॅडम. सकाळी. घरीच."

"बाई किती वर्षांच्या?"

"बासष्ट. ॲपमध्ये आहे ना."

"ॲपमध्ये आहे ते मला दिसतंय. तुमच्या समोर बसलेली बाई किती वर्षांची होती?"

हरीशभाऊंनी पेटीचा पट्टा आवळला. मग म्हणाले, "मॅडम, मी शीर बघतो. तोंड कोण बघतं?"

"नाव विचारलंत?"

"दारात उभं राहून 'चांगुणाबाई?' म्हटलं. ती 'हो, या' म्हणाली. हात पुढे केला. मी आणखी काय विचारणार? पुढचं घर लागलेलं असतं. आणि पेशंट नाही म्हणून परत आलो की ते माझ्याच नावावर पडतं, पेशंटच्या नाही. गेल्या महिन्यात दोन वेळा पडलं."

मला हरीशभाऊंचाही राग आला होता. पण खरं सांगायचं तर तो त्यांच्यावर टिकेना. ज्या ॲपने त्यांची सकाळ कापून अर्ध्या-अर्ध्या तासाचे तुकडे केले आहेत, त्या ॲपमध्ये पेटीचं तापमान भरायला रकाना आहे, पेशंटने किती तारे दिले याला रकाना आहे. समोरचा माणूस तोच आहे का, याला नाही. पूर्वी मी वाशीच्या एका छोट्या लॅबमध्ये होते. तिथे पंखा बंद पडायचा, पाणी जायचं, मालक चिकट होता; त्या दिवसांचं मला काही कौतुक नाही. पण पेशंट समोर स्टुलावर बसायचा. त्याच्या हिरड्या, त्याचे पिवळे डोळे, हातावरचे डाग दिसायचे. एकीच्या नावावर दुसरी बसली असती तर शेजारी बसलेल्या चार जणांनीच ओरडून सांगितलं असतं.

पेशंटचा फोन नंबर आम्हाला दिसत नाही, झाकलेला असतो. तो मिळवायला आमच्या व्यवस्थापकांकडे जावं लागतं. तरुण माणूस, हुशार, कायम घाईत.

"मॅडम, पेशंटला थेट फोन करायचा नसतो. कस्टमर केअरला मेल टाका."

"मेल वाचेपर्यंत ती बाई रात्रीची गोळी घेईल."

"पण नमुन्याचा रिपोर्ट बरोबर आहे ना?"

"नमुन्याचा बरोबर आहे. बाईचा चुकीचा आहे."

"आपली जबाबदारी नमुन्यापुरती असते, मॅडम."

"साहेब, उद्या काही झालं तर नमुना नाही मरणार."

त्यांनी नंबर दिला. देताना, "तुम्ही फार पर्सनली घेता," असंही म्हणाले. मी म्हटलं, हो, घेते.

फोन सुनेने उचलला. पल्लवी तिचं नाव. मी लॅबमधून बोलते म्हटल्यावर आधी म्हणाली, "आई झोपल्यात." मी म्हटलं, "मला आईंशी नाही, तुझ्याशीच बोलायचंय. सकाळी रक्त कुणी दिलं?"

 मग एकदम सगळं बाहेर आलं.

"मॅडम, ते भाऊ सकाळी आठला येतात. आई तेव्हा घरात असतात का? बरं वाटायला लागल्यापासून त्या अंधारातच धक्क्यावर जातात, तिथून बाजारात. दोन वेळा परत गेला तो माणूस. मग डॉक्टरांच्या दवाखान्यातून फोन आला, रक्त का नाही गेलं, असं चालायचं नाही. मी आईंना सांगितलं, एक दिवस थांबा. तर म्हणाल्या, तूच दे ना, तू घरीच हायस. रक्त गेल्याशी मतलब."

"आणि तू दिलंस."

"दिलं. ते रिपोर्ट पण चांगले आले मॅडम. लाल काहीच नव्हतं. मला वाटलं, आईंची काळजी मिटली."

 या घराला रक्ततपासणी म्हणजे हजेरी वाटत होती. नंबर पुकारला की कुणीतरी 'हजर' म्हणायचं, म्हणजे वरून ओरडा बसत नाही. आणि त्यांना तसं वाटू नये म्हणून आम्ही कुणी काय केलं होतं? दवाखान्याने 'रक्त का नाही गेलं' एवढंच विचारलं. आम्ही नळीवर नावाची पट्टी चिकटवली. आणि निरोगी, तिशीतल्या पल्लवीच्या रक्तावरून बासष्ट वर्षांच्या सासूची गोळी वाढत गेली.

"पल्लवी, आईंच्या अंगावर निळे डाग आहेत?"

"आहेत. टोपली लागली म्हणतात."

"दात घासताना रक्त येतं?"

"येतं..." तिचा आवाज चिरकला. "मॅडम, माझ्यामुळे काही..."

"रडू नकोस, अजून वेळ आहे. आजची गोळी देऊ नकोस. मी डॉक्टरांशी बोलून तुला फोन करते."

डॉक्टरांच्या दवाखान्यात सांगितलं, सर ओपीडीत आहेत, व्हॉट्सॲप करा. मी म्हटलं, व्हॉट्सॲपवर नुसते रिपोर्ट बघूनच हे झालंय, मला सर हवेत. सर आले. मी सांगितलं ते शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "दोनदा डोस वाढवला मी. रिपोर्ट तुमच्या लॅबचे होते."

"आमचेच होते, सर."

"मग मी काय करायला हवं होतं? मला आकडा दिसतो. बाईचा हात दिसत नाही."

"आकडा हलत नव्हता तेव्हा एकदा बोलावून हात बघता आला असता, सर."

ते रागावले असावेत. पण माणूस वाईट नव्हता. म्हणाले, गोळी थांबवा, तिला आत्ताच रुग्णालयात आणा, तिथे तिचं स्वतःचं रक्त घ्या. डोकं दुखलं, उलटी झाली, शौचाला काळं झालं तर एक मिनिटही थांबू नका.

हे मी पल्लवीला शब्दन् शब्द सांगितलं. थोड्या वेळाने तिचा फोन आला. सासूबाई ऐकत नव्हत्या. डोकं दुखत नाही, पोट बरं आहे, जेवल्या, आणि म्हणतात मी काय मरायला टेकले का? पल्लवीचा नवरा तळोज्याला कामावर, त्याचा फोन लागत नव्हता. मी फोन चांगुणाबाईंच्या कानाला लावायला सांगितला. पलीकडून एक खणखणीत आवाज आला, "बाय, सकाली बोटी येनार हायेत. सकाली मना टाइम नाय, आता झोप हाय. तुज्या डॉक्टरला सांग, परवाच्याला येते." आणि फोन बंद.

मी पल्लवीला पुन्हा फोन केला. तिला सांगितलं की तू जागी राहा, आईंना विळीला, सुरीला हात लावू देऊ नकोस, काही वेगळं वाटलं तर शेजाऱ्यांना गोळा करून उचलून ने. मग घरी गेले. नवऱ्याने विचारलं, "चेहरा असा का?" मी म्हटलं, "वरण गरम कर, सांगते." सांगता सांगता वरण उतू गेलं आणि त्याचाही राग मी वरणावर काढला.

पुढे काय झालं ते आत्ताच सांगून टाकते, वाचणाऱ्याला ताटकळत ठेवणं मला जमत नाही. चांगुणाबाईंच्या खऱ्या रक्ताचा आकडा आठच्या वर आला. रुग्णालयात ठेवून घ्यावं लागलं, गोळीचा असर उतरवायचं औषध द्यावं लागलं. पोटात थोडा रक्तस्राव सुरू झाला होता. त्यांनी तो कुणाला सांगितला नव्हता. मेंदूत काही नव्हतं. बऱ्या होऊन घरी गेल्या. आमच्या लॅबमध्ये एक परिपत्रक निघालं की रक्त घेणाऱ्याने पेशंटचं पूर्ण नाव पेशंटकडूनच वदवून घ्यावं. छान आहे. त्याला लागणारा वेळ मात्र कुणी दिला नाही. हरीशभाऊंची सकाळची घरं तेवढीच आहेत. रिपोर्टवरचा लाल रंगही तसाच आहे. मी त्याबद्दल दर बैठकीत बोलते. मी तोंड उघडलं की आता लोक चहा मागवतात.

तर, त्या फोनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी निळी नळी, सुई, दंडाला बांधायची पट्टी आणि कापूस घेऊन दिवाळ्याच्या धक्क्यावर गेले. हरीशभाऊंना आधीच तिथे बोलावून ठेवलं होतं, नळी लगेच महापेला न्यायला. बोटी लागलेल्या होत्या. बायका टोपल्या घेऊन गोळा झाल्या होत्या, चिंबोऱ्यांच्या नांग्या बांधणं चाललं होतं. सोबत घेतलेल्या पल्लवीने लांबूनच बोट दाखवलं.

"चांगुणामावशी ना?"

"व्हय. निवट्या घे, जित्या हायेत."

"मासळी नको. रक्त हवंय."

बाजूच्या बायका खिदळल्या. एक म्हणाली, "चांगुने, आता रगत पन इकाला बसलीस का गो?"

"रगत दिलाय मी," मावशी माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "सुनेनी दिलाय."

"झडप सुनेला बसवलीय का?"

"नाय."

"गोळी सुनेला लागू आहे का?"

"नाय."

"मग सुनेचं रक्त घेऊन डॉक्टर काय करणार?"

टोपलीतले मावशींचे हात थांबले. "ती तरनी हाय," त्या म्हणाल्या, पण आवाज खाली आला होता. "तिच्या अंगान भरपूर हाय. माजा काडून काडून काय ऱ्हायलाय? आपरेशनाला काडला, मंग दर पंदरा दिवसांनी काडताव. मी म्हनली, येकाच घरानला हाय, जाउंदे तिचा."

पदराखाली दोन्ही दंडांवर काळेनिळे डाग होते, एक तर तळहाताएवढा. मी म्हटलं, "ही टोपली दोन्हीकडून लागली?"  मावशी एक उपडी टोपली ओढून तिच्यावर बसल्या आणि हात पुढे केला.

रक्त घेतलं. नळी हरीशभाऊंकडे दिली, ते निघाले. मी कापूस लावून दाबून धरला. एरवी दोन मिनिटांत थांबतं. इथे कापूस लाल झाला. दुसरा लावला, तोही भिजला. तिसरा लावला आणि अंगठ्याने जोर देऊन धरला, तरी बोटांच्या कडेने ओल येतच राहिली. मशीन लागायच्या आधीच मला उत्तर मिळालं होतं. 

"पल्लवी, रिक्षा बोलाव. रुग्णालयात जायचंय."

"आगो, माजी मावरी?" मावशी उठायला लागल्या. "बाजार बसंल आता. सोर माजा हात."

"मासळी तुमच्या मैत्रिणी विकतील."

"ह्या? ह्या इकतीन? ह्या खातीन!"

पण ती बाजूची बाई, जिने चेष्टा केली होती, तिने मावशींची टोपली आपल्याकडे ओढून घेतली आणि झाकली. रिक्षा आली. पल्लवी आधी चढली, मग मावशी, मग मी, वाकडी होऊन, कारण माझा अंगठा त्यांच्या कोपरावर होता. बेलापूरच्या सिग्नलला थांबलो तेव्हा मावशी म्हणाल्या, "बाय, तुजा हात दुखला आसंल. सोर आता."

दुखत होता. मी रिक्षावाल्याला सांगितलं, हॉर्न वाजव, आणि अंगठा तसाच धरून ठेवला.